पिंपळखरे काकूंचा पाल्य

आमच्या कॉलेजातल्या इजिप्शियन सरांना 'प' म्हणता येत नसे. अरबी माणसाच्या तोंडात 'प'ला जागाच नाही. तो पार्किंगला बार्किंग आणि पासपोर्टला बासबोर्ट म्हणतो, आणि त्यात काही बिघडलं असं त्याला वाटत नाही. अशा माणसाच्या हजेरीपटात पहिल्याच दिवशी 'मुकुंद पिंपळखरे' हे नाव आलं. सरांनी ते एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि धीर करून म्हणाले, "मुकुंद... बिंबल... खलास!"

मागच्या बाकावरून एक गुळगुळीत टक्कल वर आलं. "येस सर. बिंबल खलास, प्रेझेंट."

वर्ग फुटला. आम्ही सगळे बारावी होऊन आलेली पोरं, आणि हे गृहस्थ माझ्या बाबांपेक्षाही चार वर्षांनी मोठे. तेव्हापासून सगळ्या कॉलेजात ते 'बिंबल' झाले. मलाच तेवढं ते म्हणता येईना. मराठी घरात वाढलेल्या मुलीची जीभ पन्नाशी उलटलेल्या माणसाला एकेरी हाक मारायला वळत नाही. मी त्यांना पिंपळखरे काका म्हणायची आणि ते मला "काका असेल तुझा बाप" असं म्हणून ओ द्यायचे.

कॉलेज म्हणजे बुर दुबईतल्या एका इमारतीचे दोन मजले. खाली सुपरमार्केट, वर दातांचा दवाखाना. दोन वर्षं इथे कॉम्प्युटर सायन्स शिकायचं आणि मग झालेले विषय पदरात घेऊन परदेशातल्या मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, अशी ती योजना होती. तिथे दोन प्रकारची मुलं येत. ज्यांचे मार्क कमी पडले ती, आणि ज्यांच्या आयांना त्यांना आणखी दोन वर्षं नजरेखाली ठेवायचं होतं ती. मी दोन्हींत मोडत होते. काका कशात मोडत होते ते कळायला थोडे दिवस लागले.

काका जबल अली बंदरावर एका मालवाहतुकीच्या कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर होते. कुठला कंटेनर कुठे अडकला, कुठला ट्रक कुणाच्या गेटवर उभा आहे, हे फोनवर ओरडून सोडवणं हा त्यांचा धंदा. मग कंपनीनं एक सॉफ्टवेअर आणलं. "मी दिवसभर ओरडून जे करायचो, ते हे न ओरडता करायला लागलं," काका सांगायचे. "वर त्याला चहा लागत नाही. मग मला कशाला ठेवतील?" नोकरी गेली तसा व्हिसाही गेला, कारण या देशात राहायचं तर कुणाचा तरी हात डोक्यावर लागतो. काकांच्या डोक्यावर तो हात आला शैलाकाकूंचा. काकू एका भारतीय शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायच्या. त्यांनी नवऱ्याला आपल्या व्हिसावर घेतलं. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या माणसाला अशा अर्जांत बायकांचीच नावं टाइप करायची सवय. त्यानं काकांच्या व्यवसायाच्या रकान्यात बिनदिक्कत 'हाऊसवाइफ' टाइप केलं.

दुसरा कुणी असता तर भांडून ते दुरुस्त करून आला असता. काकांनी मुद्दाम महिनाभर ते तसंच ठेवलं आणि ज्याला-त्याला दाखवलं. "बघ, सरकारी हाऊसवाइफ आहे. भाजीतलं मीठ कमी-जास्त झालं तर पोलीस पकडतील." लोक हसायचे. लोकांनी हसायच्या आत आपण हसून घ्यायचं, ही त्यांची पद्धत होती. मला ती कळली तेव्हा जरा वाईट वाटलं, पण वाईट वाटायला ते फारसा वेळ देत नसत.

मंडळाच्या गणपतीत एकदा आमच्याच ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांना गाठलं. "काय पिंपळखरे, सध्या काय करता?"

"शिकतो."

"अरे वा! कुठल्या कॉलेजात शिकवता?"

"शिकवतो नाही हो. शिकतो. फर्स्ट इयर. ही माझी क्लासमेट." आणि मला दंडाला धरून पुढे उभं केलं.

ते गृहस्थ प्रसादाची वाटी हातात घेऊन तसेच मागे सरकले. काकांचं काही खरं नाही, अशी बातमी आरती संपेपर्यंत मंडपभर झाली होती.

आणि शिकायचं तरी कॉम्प्युटर सायन्सच का? याचं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "ज्यानं माझी नोकरी खाल्ली, त्याचं पोट फाडून आत काय आहे ते मला बघायचंय." हे ते सगळ्यांना सांगायचे. घरात मात्र काकूंशी करार झाला होता, आणि तो साधा होता. दोन वर्षं दिली. सगळे विषय सुटले तर पुढे जा, डिग्री घ्या. एक जरी अडकला तर हट्ट सोडायचा आणि साताऱ्याच्या फ्लॅटवर जाऊन राहायचं. काकू नोकरी संपवून मागाहून येणार. साताऱ्याचं नाव निघालं की काकांचा चेहरा इंजेक्शन बघितलेल्या पोरासारखा व्हायचा.

वर्गात ते सुसह्य होते असं मी म्हणणार नाही. प्रोग्रॅममधल्या चुकीला सगळं जग 'बग' म्हणतं. काका म्हणायचे, ढेकूण. बॅचलर असताना ते देअराला बेड-स्पेस, म्हणजे भरलेल्या खोलीतली एक खाट, भाड्यानं घेऊन राहिलेले, त्यामुळे हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा. "दिसत नाही, पण रात्री चावतो. आणि एक मारलास की गादीतून दुसरे निघतात. यापेक्षा चांगला शब्द इंग्रजीत आहे का?" वर्षभरात आमचा अख्खा वर्ग हा शब्द शिकला. माझा मल्याळी वर्गमित्र जिबिन लॅबमध्ये डोकं धरून ओरडायचा, "बिंबल भाई, मेरे कोड में ढेकून है, प्लीज हेल्प!" मदत करायला काका उत्साहानं जायचे आणि एकाचे चार ढेकूण करून परत यायचे.

वीस वर्षं माल हलवल्याचा त्यांना अभिमान होता आणि त्या अभिमानानं ते प्रत्येक परीक्षेत मार खायचे. 'क्यू' म्हणजे रांग. त्यात जो आधी आला तो आधी बाहेर पडतो, एवढं लिहायचं होतं. काकांनी पानभर लिहिलं की अशी रांग आपण पोर्टवर एकदाही पाहिलेली नाही, ज्याची ओळख त्याचाच माल आधी सुटतो, आणि ही व्याख्या लिहिणारा माणूस कधी जबल अलीला गेलेला दिसत नाही. इजिप्शियन सरांनी शून्य दिलं. काका भांडायला गेले. सर शांतपणे आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "मिस्तर बिंबल, कॉम्प्युटर को कोई बहचान नहीं." काका परत आले ते जरा विचारात पडलेले होते. "तेच तर म्हणतो," मला म्हणाले, "म्हणूनच त्यानं माझी नोकरी खाल्ली." शून्य मात्र कायम राहिलं.

आता यात एक भानगड होती. प्रवेशाच्या वेळी कॉलेजनं प्रत्येकाच्या स्पॉन्सरचा मोबाइल नंबर घेतला होता. आमच्यासारख्यांचे स्पॉन्सर म्हणजे वडील, म्हणजेच पालक, असं कॉलेजच्या सिस्टिमनं धरून चाललेलं. काकांच्या स्पॉन्सर काकू. त्यामुळे काका मॅथ्सचं लेक्चर बुडवून खालच्या कॅफेटेरियात पोरांबरोबर दाट दुधाचा करक चहा पीत बसले, की तिकडे शाळेच्या स्टाफरूममध्ये काकूंचा फोन वाजायचा: 'डिअर पेरेंट, युवर वॉर्ड मुकुंद इज ॲबसेंट टुडे.'

पहिल्यांदा तो मेसेज आला तेव्हा काकूंना वाटलं, चुकून आला असेल. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यांनी स्टाफरूममधल्या बायकांना वाचून दाखवला. तिसऱ्यांदा त्यांनी थेट फोन लावला. आम्ही समोरच होतो. काकांनी फोन कानाला लावला आणि खुर्चीत ताठ झाले.

"कुठे आहात?"

"वर्गात."

"वर्गात चहाचे कप वाजतात का?"

काकांनी कप खाली ठेवला आणि मुकाट्यानं जिना चढून वर गेले. जिबिन म्हणाला, "ब्रो, माय मॉम इज नॉट दॅट स्ट्रिक्ट."

सेमिस्टरच्या मध्ये ओपन हाऊस असायचं. पालकांनी येऊन शिक्षकांना भेटायचं. काकूंनाही अर्थातच मेसेज गेला, आणि काकू आल्या. शाळेतून थेट, कडक इस्त्रीच्या साडीत, गळ्यात शाळेचं आयकार्ड. माझी आई आणि मी शेजारच्याच खुर्च्यांवर होतो, म्हणून हे मला आईच्या साक्षीनं सांगता येतं. आमच्या को-ऑर्डिनेटर बिंदू मॅमनी हसून विचारलं, "मॅम, वेअर इज युवर सन?"

"नो सन," काकू म्हणाल्या. "आय हॅव कम फॉर हिम."

बिंदू मॅमनी मागे उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं. "ओह, बिंबल सर! ही इज... युवर हजबंड?"

"ॲट होम. हिअर ही इज माय वॉर्ड. प्लीज टेल मी हिज प्रोग्रेस."

बिंदू मॅम गडबडल्या, पण हाडाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी कागद पुढे ओढला. मॅथ्सची हजेरी कमी आहे. फार बोलतात. त्यांच्यामुळे बाकीच्या मुलांचं लक्ष उडतं. काकू मान हलवत सगळं ऐकून घेत होत्या. घरी अभ्यास करतात का, असं बिंदू मॅमनी विचारल्यावर काकू म्हणाल्या, "व्हॉट अभ्यास! ओन्ली क्रिकेट."

"शैला," काका मागून कळवळले, "घरातलं बाहेर कशाला काढतेस?"

"तुम्ही गप्प बसा. मोठी माणसं बोलताहेत."

माझी आई इतकी हसली की तिला पर्समधला रुमाल सापडेना. नंतर लिफ्टपाशी काकू आणि आई बोलत उभ्या राहिल्या. काकूही हसतच होत्या. हसता हसता म्हणाल्या, "इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडे बसले. अलीकडे बसायची वेळ कधी आलीच नव्हती." पिंपळखऱ्यांना मूलबाळ नव्हतं. आईनं मग साडी कुठली ते विचारलं.

दुसऱ्या वर्षी काकांचे बाकीचे विषय ढेकणांसकट सुटले आणि डिस्क्रीट मॅथ्स अडकलं. हे गणित म्हणजे आकडेमोड नव्हे. अमुक खरं असेल तर तमुक खरं का, हे एकेक पाऊल टाकत सिद्ध करायचं. काकांना पहिलं पाऊल आणि शेवटचं पाऊल माहीत असायचं. मधलं सगळं ते 'ॲडजस्ट होईल' यावर सोडायचे. ते नापास झाले. फेरपरीक्षा एकच होती. तीही गेली असती तर पुढचं विद्यापीठ नाही, डिग्री नाही, थेट सातारा.

"काका, काकूंना विचारा ना," मी म्हटलं. "घरात गणिताची टीचर आहे."

"नवऱ्यानं बायकोकडे शिकवणी लावायची?" काका म्हणाले. "तिच्या व्हिसावर राहतो, तिच्या पगारावर जेवतो, तिला माझ्या हजेरीचे मेसेज जातात. माझ्याकडे राहिलं काय गं? टीव्हीचा रिमोट?" ते हसले, पण या वेळी आम्ही कुणी हसलो नाही.

त्यानंतर काही दिवसांनी जिबिन आणि मी प्रोजेक्टसाठी त्यांच्या अल मनखूलच्या घरी गेलो होतो. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला आम्ही लॅपटॉप उघडून बसलो होतो. दुसऱ्या टोकाला काकू नववीचे पेपर तपासत होत्या. काका बाल्कनीत कुंडीला पाणी घालत होते. ते आत आले, खिशातून घडी घातलेला एक कागद काढला, सरळ केला, आणि काकूंची नजर नाही असं बघून न तपासलेल्या गठ्ठ्यात मध्येच सारून दिला. मग पुन्हा बाल्कनीत जाऊन त्याच कुंडीला पुन्हा पाणी घालायला लागले. पाणी कुंडीतून वाहून खालच्या मजल्यावर गेलं.

काकू एकेक पेपर तपासत त्या कागदापाशी आल्या. त्यांनी वर पाहिलं नाही. लाल पेन त्या कागदावरून फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "पिंपळखरे कोण आहे?"

"मी," बाल्कनीतून आवाज आला.

"उत्तर बरोबर आहे. मधल्या पायऱ्या कुठायत?"

"डोक्यात आहेत."

"डोकं पेपरला टाचून देणार आहात का?"

काका दारात येऊन उभे राहिले, हातात झारी तशीच. काकूंनी पायानं शेजारची खुर्ची बाहेर सरकवली. "बसा," म्हणाल्या. काका बसले. मी आणि जिबिननं लॅपटॉप मिटला आणि चपला शोधायला लागलो.

पुढचे दीड महिने काकूंनी त्यांना असं दामटलं की काका आमच्याकडे येऊन रडायचे. "काल फक्त उठाबशा राहिल्या. बाकी सगळं झालं." पण बदल दिसायला लागला. एक दिवस फळ्यापाशी जाऊन त्यांनी आम्हाला विरोधाभासानं सिद्धता शिकवली. "समजा, मी बरोबर आहे. मी बरोबर असेन तर शैला चूक आहे. पण शैला चूक असणं शक्य नाही. विरोधाभास! म्हणून मी बरोबर नाही. सिद्ध." इजिप्शियन सर दारातून ऐकत होते. त्यांचंही लग्न झालेलं असावं, कारण त्यांनी टाळी वाजवली.

फेरपरीक्षेच्या दिवशी मात्र काकांच्या तोंडून एकही विनोद निघाला नाही. हॉलबाहेर भिंतीला टेकून उभे होते. मी डब्यातला पराठा पुढे केला तर मानेनं नको म्हणाले. "ऋता," म्हणाले, "साताऱ्याला कुणीतरी विचारणारच, सध्या काय करता. इथे निदान शिकतो म्हणता येतं. तिथे काय सांगू?" मी म्हटलं, "इन्शाल्ला, पास व्हाल." मग बेल झाली.

निकाल मेसेजनं यायचा होता, आणि मेसेज कुणाला जाणार हे सांगायला नको. फेरपरीक्षेला बसलेल्या बाकीच्या पोरांच्या बापांचे फोन दहाच्या सुमारास वाजले. काकूंचा फोन शाळेच्या कपाटात, आणि काकू नववीच्या वर्गात. काका कॅफेटेरियात फोन टेबलावर ठेवून बसले. बिंदू मॅमना विचारून या असं आम्ही सगळ्यांनी सुचवलं. काका म्हणाले, "नाही. पालकांना आधी कळू दे." मधल्या सुट्टीत फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मधोमध सरकवला.

"पास," काकू म्हणाल्या.

"किती मिळाले?"

"पास म्हटलं ना. किती ते घरी आल्यावर सांगते. पायऱ्या खाल्ल्यायत तुम्ही." मागे शाळेची घंटा वाजली आणि फोन बंद झाला. पोरांनी टेबलं बडवली, कुणीतरी "यल्ला बिंबल!" म्हणून ओरडलं. काका बेसिनवर जाऊन बराच वेळ तोंड धूत होते.

त्यांना मलेशियातल्या एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. काकूंना नोकरी सोडणं शक्य नव्हतं. ती सोडली तर सगळंच संपलं असतं. आमच्यात सगळ्यात आधी निघाले ते काका, म्हणून अर्धा वर्ग विमानतळावर गेला होता. माझी आईही आली होती. माझं कॅनडाचं विमान दोन आठवड्यांनी होतं. काकूंनी लोणचं, मेतकूट आणि छोटा कुकर अशी बॅग भरून दिली होती, आणि त्या कुणाला ना कुणाला सांगत होत्या की यांना कुकर लावता येत नाही, हे शिट्टी ऐकून घाबरतात. काका म्हणत होते, "हॉस्टेलच्या वॉर्डनला सांगून ठेव. 'डिअर वॉर्डन, माय वॉर्ड इज कमिंग.'"

शेजारी एक गुजराती कुटुंब मुलाला सोडायला आलं होतं. तो पोरगा आईवडिलांच्या पाया पडला, आईनं त्याला जवळ घेतलं, वगैरे. काकांनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. आता हे काहीतरी करणार, हे आम्हाला कळलं.

"अरे हो," ते मोठ्यानं म्हणाले, "परदेशी शिकायला जाताना पालकांच्या पाया पडतात ना!" आणि ट्रॉलीला एका हातानं धरून, गुडघ्याची कुरकुर सोसत, ते भर विमानतळावर काकूंच्या पायांशी वाकले.

"अहो! अहो, शी, काय करताय!" काकू मागे सरकल्या, पण मागे आमचा घोळका होता. "उठा आधी. लोक बघताहेत. मला पाप लावताय का?"

आम्ही खिदळत होतो. जिबिननं फोन काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. काका उठले नाहीत. काकूंच्या पायांवर हात ठेवून तसेच वाकून राहिले. गंमत इतका वेळ चालत नाही, हे हळूहळू सगळ्यांच्याच लक्षात आलं आणि हसणं थांबलं. जिबिननं फोन खाली घेतला.

काकूंनी इकडे तिकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि त्या टकलावर ठेवला.

"नीट राहा," त्या म्हणाल्या. "वेळेवर जेव. पोचलास की फोन कर."

'पोचलास' ऐकलं आणि माझ्या आईनं माझा दंड घट्ट धरला.

काका उठून उभे राहिले. ते आता काय बोलतात म्हणून आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. ते काकूंकडे बघत "हो" म्हणाले, आणि ट्रॉली ढकलत आत गेले.